मराठीतील ख्रिस्ती वाचन : राशोलपासून नवापूरपर्यंत

कुटुंबातील फावल्या वेळचे वाचन कोणते, यावरून त्या कुटुंबाच्या मनाची ठेवण पुष्कळ अंशी कळून येते. आपल्या सुशिक्षित मराठी घरात ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा असते, त्यांच्या शेजारी कादंबऱ्या असतात, दोनचार इंग्रजी ग्रंथही असतात. परंतु मराठीतच लिहिलेल्या ख्रिस्ती ग्रंथांस त्या कपाटात बहुधा जागा नसते. जो ख्रिस्ती नाही तो त्यांस प्रचाराची पुस्तके समजून बाजूस सारतो. आणि जो ख्रिस्ती आहे त्यासही उपासनेच्या चार पुस्तकांपलीकडे आपल्या मागे केवढी वाङ्मयपरंपरा उभी आहे याची नेहमी जाणीव असतेच असे नाही. श्रद्धा, धर्ममत आणि आधुनिक जीवन यांचा परस्परसंबंध काय, या प्रश्नाचा विचार मराठीत ज्यांनी अत्यंत जिव्हाळ्याने केला, त्यांत या ग्रंथकारांची गणना करावी लागेल. यास्तव शनिवार-रविवारच्या निवांत वेळी यांतील कोणते ग्रंथ वाचावे आणि का वाचावे, हे त्यांच्या इतिहासाच्या अनुरोधाने सांगण्याचा येथे विचार आहे.

हा विषय केवळ ग्रंथसंग्रहालयातला नव्हे, हे पाहावयाचे असेल तर नंदुरबार जिल्ह्याकडे दृष्टी वळवावी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तापी आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांत, सातपुड्याच्या अंगाखांद्यावर वसला आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. मावची, वसावे, पावरा, तडवी, कोकणी अशा अनेक समाजांची ही भूमी. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील अलायन्स मिशन, आणि अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, या दोन संस्थांचे लोक खानदेशात आले. नंदुरबारातील मिशन हायस्कूल आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे रुग्णालय ही त्यांच्या उद्योगाची आजही दिसणारी चिन्हे होत. नवापूरच्या परिसरात आज ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांची मोठी वस्ती आहे.

या लोकांविषयी दोन प्रकारचे बोलणे वारंवार कानी येते. विरोधक म्हणतात, या भोळ्या लोकांस औषधाच्या बाटलीने आणि शाळेच्या लोभाने फसविले. पुरस्कर्ते म्हणतात, या अज्ञानी लोकांस आम्ही प्रकाश दाखविला. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. ती ही की, आदिवासी मनुष्य स्वतः ग्रंथ वाचून, विचार करून, काही स्वीकारतो किंवा नाकारतो, हे दोघांच्याही ध्यानी येत नाही. ज्या वर्षी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले. तेव्हा हा वाद केवळ शब्दांचा राहिलेला नाही. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास या वादात एक अत्यंत उपयुक्त साक्षीदार आहे, असे आमचे मत आहे.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. साष्टी प्रांतात राहून त्याने लोकांची भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचिले. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती मंडळीस पुराण हवे होते. ते परक्या भाषेत दिल्यास त्यांच्या अंतःकरणास भिडणार नाही, हे या परदेशस्थाने ओळखले. परंतु राज्यकर्त्यांस ते पटले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. धर्म घ्या, पण भाषा टाका, असा त्याचा सरळ अर्थ होता.

पुढचा टप्पा गोव्यापासून फार दूर, बंगालमधील सेरामपूरचा. विल्यम केरी याने तेथे पंडित वैजनाथ यांच्या साह्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८११ साली नव्या कराराचे भाषांतर छापले. महाराष्ट्राबाहेर बसून केलेले हे काम सदोष होते, यात आश्चर्य नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ते पुन्हा हाती घेतले. त्याच मिशनने १८४२ साली अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथून 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. धर्मचर्चेबरोबर भूगोल, सृष्टिशास्त्र, स्त्रीशिक्षण आणि जातिभेद यांची चर्चा त्या पत्रात होत असे.

आतापर्यंत लिहिणारे परके आणि वाचणारे आपले, अशी स्थिती होती. ती बाबा पदमनजी यांनी पालटली. १८३१ साली बेळगावास जन्मलेले हे गृहस्थ १८५४ साली ख्रिस्ती झाले, आणि १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, आणि शेवटी तेच दुःख तिच्याही वाट्यास येते. आजच्या अभिरुचीस या पुस्तकातील उपदेश जड वाटेल. तथापि धर्ममताची कसोटी घरातील दुबळ्या माणसाच्या स्थितीवर लावावयाची, हा त्यातील विचार मुळीच जुना झालेला नाही. पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र त्याच्या जोडीस वाचावे. एक तरुण कोणत्या शंकांतून, किती वाचनातून आणि घरच्यांच्या किती अश्रूंतून एका निर्णयास येतो, हे त्यात दिसते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली ही विदुषी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेती झाली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार' काढून तिची बाजू घेतली. परंतु इकडील लोकांस ज्याची फारशी कल्पना नव्हती, तो झगडा तिकडे इंग्लंडात चालला होता. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी आणि मंडळीच्या अधिकाराविषयी रमाबाईंनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून कसून वाद केला. आपण ख्रिस्तास मानले, म्हणून इंग्लंडच्या धर्मगुरूंची प्रत्येक आज्ञा मानण्यास बांधलो गेलो, हे त्यांस कबूल नव्हते. एका सत्तेच्या तावडीतून सुटून दुसरीच्या स्वाधीन होणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे त्यांनी पक्के ओळखले होते. ही पत्रे पुस्तकरूपाने १९७७ साली प्रसिद्ध झाली आहेत. ज्यांस इंग्रजी अवगत आहे त्यांनी ती अवश्य वाचावीत.

रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील कार्य मात्र मराठी वाचकाच्या अगदी हाताशी आहे. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचलेल्या, अक्षरशत्रू अशा शेकडो मुली आणि बाया होत्या. प्रचलित मराठी बायबल त्यांस समजत नसे. त्यातील संस्कृतप्रचुर भाषा पंडितास शोभणारी होती. तेव्हा स्वतः पंडिता असलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत नवे भाषांतर केले. ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, आणि १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला. विद्वत्तेचा याहून नम्र आणि याहून थोर उपयोग आम्हास ठाऊक नाही. जिला वाचता येत नाही, तिला नुसते शिकवून भागत नाही. तिच्या बोलण्यातील भाषा ग्रंथात आली पाहिजे, हा तो धडा होय.

नारायण वामन टिळक यांची कथाही वाचनापासूनच सुरू होते. १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचून ते अंतर्मुख झाले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही स्थान होते. ख्रिस्ताचा मनुष्य व्हावयास विलायती व्हावे लागत नाही, हे त्यांस आचरणाने दाखवावयाचे होते. १९१९ साली ते निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून पुरा केला.

या सर्वांत प्रथम वाचावयाचे पुस्तक कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही निःशंकपणे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे नाव सांगू. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. पती ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे पाच वर्षांनी, १९०० साली, त्याही ख्रिस्ती झाल्या. परंतु हा बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला नाही. सोवळेओवळे, पाणी, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींतून त्यांच्या मनातील जातीचा पीळ हळूहळू उकलत गेला. माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, ही गोष्ट त्यांस शास्त्रार्थाने पटली नाही, स्वतःच्या विचाराने पटली. धर्ममत आणि जीवन यांची गाठ कोठे पडते, हे शंभर व्याख्यानांनी कळणार नाही ते या हसऱ्या पुस्तकाने कळते.

आता पुन्हा नंदुरबाराकडे वळू. वर उल्लेखिलेल्या सर्व व्यक्तींस आपण एक मान निःसंकोच देतो. त्यांनी वाचले, शंका काढल्या, भांडण केले आणि मग निर्णय घेतला, असे आपण म्हणतो. त्यांच्याशी आपला मतभेद असेल. परंतु त्यांस कोणी औषधाच्या बाटलीने फसविले, असे आपण म्हणत नाही. मग नवापूरच्या मावची शेतकऱ्यास हा मान आपण का देत नाही? तो ब्राह्मण नव्हता, पंडित नव्हता, आणि त्याने आत्मचरित्र लिहिले नाही, एवढ्यामुळेच ना?

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात आपली मराठीच आहे. नंदुरबार हे बहुभाषिक ठिकाण आहे. १९४२ च्या चळवळीत हुतात्मा झालेल्या बाल शिरीषकुमाराच्या घरची भाषा गुजराती होती. बाजारात अहिराणी चालते. आणि डोंगराकडे गेले की भिल्ली भाषांचा प्रांत लागतो. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात, मावची आणि पावरी यांची स्वतंत्र नोंद केली आहे. शाळा मराठी, कचेरी मराठी, आणि धर्मग्रंथ हाती आला तोही मराठी. म्हणजे केडगावच्या मुलीस जे संस्कृतप्रचुर मराठी वाटत होते, तेच मावची आजीस आपले साधे मराठीही वाटले असेल. अलीकडे मावची आणि वसावी बोलींत नवा करार देवनागरी लिपीत उपलब्ध झाला आहे. रमाबाईंनी घालून दिलेली वाट ती हीच.

आणि हे केवळ ख्रिस्ती मंडळीपुरते नाही. याच मुलुखात तळोद्याकडील गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास दारू सोडण्याचा आणि शुचितेचा उपदेश करून हजारो आदिवासींस एकत्र आणले. शहाद्याकडील कवी वाहरू सोनवणे यांनी 'गोधड' या संग्रहात भिलोरी आणि मराठी एकत्र आणली. आदिवासींचे दुःख आदिवासींनीच बोलावे, हा त्यांचा आग्रह आहे. हे लोक दुसऱ्याने दिलेला विचार निमूटपणे घेणारे आहेत, ही समजूत इतिहासापुढे टिकत नाही.

तेव्हा ज्यांस शनिवार-रविवारी सवड आहे त्यांनी आरंभ 'स्मृतिचित्रे'ने करावा, मग 'अरुणोदय' घ्यावे, आणि त्यानंतर 'ख्रिस्तायना'तील काही अध्याय घरात मोठ्याने वाचावेत. अलीकडच्या लेखकांपैकी, २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' जवळ असावे. मिळाल्यास रमाबाईंचे भाषांतर आणि प्रचलित भाषांतर समोरासमोर ठेवून डोंगरावरील प्रवचनाचा एकच उतारा दोन्हींत वाचावा. भाषा बदलली की वाचक कसा बदलतो हे आपोआप ध्यानात येईल. यातील मते कोणास पटोत वा न पटोत. ती पटावीत म्हणून ही शिफारस नाही. आपल्याच भाषेत, आपल्याच घरांतून निघालेल्या माणसांनी आपल्या विवेकाचा हिशेब कसा मांडला, हे ज्याने एकदा पाहिले, तो नवापूरच्या झोपडीत पुस्तक उघडून बसलेल्या मनुष्याकडे दयेने किंवा संशयाने पाहणार नाही. एक वाचक दुसऱ्या वाचकाकडे पाहतो तसा पाहील.