ऑपरेटिंग सिस्टीममधील बदल आणि शैक्षणिक पूर्वतयारी : केरळमधील शालेय संगणक शिक्षणाचा ऐतिहासिक अभ्यास (२००१ ते २०२३)

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासात यंत्रांच्या वाढत्या क्षमतेची नोंद आढळते. ते यंत्र ज्या वर्गात वापरले गेले, त्या वर्गाची नोंद क्वचितच आढळते. शैक्षणिक संस्थेत ऑपरेटिंग सिस्टीमशी पाठ्यपुस्तक, प्रात्यक्षिक परीक्षा, शिक्षकाचा सराव आणि वर्षानुवर्षांच्या फाइली निगडित असतात. विंडोज एक्सपी २००१ मध्ये बाजारात आली व ८ एप्रिल २०१४ रोजी तिचे साहाय्य थांबले. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. या तारखा उत्पादक कंपनीने ठरविल्या होत्या आणि शैक्षणिक वर्षाशी त्यांचा संबंध नव्हता. अशा बदलाची पूर्वतयारी ही मूलतः अभ्यासक्रम, परीक्षा व शिक्षक यांची पूर्वतयारी असते, हे केरळच्या उदाहरणाआधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :

प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशींनुसार केरळ शासनाने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला. आरंभीचे संगणक शिक्षण विंडोज व तिच्यावरील कार्यालयीन सॉफ्टवेअरवर आधारलेले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये तिरुवनंतपुरम येथे 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया'चा प्रारंभ झाला. मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते व शिक्षक संघटना यांनी एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला : सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेचा अभ्यासक्रम एका कंपनीच्या उत्पादनाशी बांधावा काय? या वादाला परवाना शुल्काची बाजू होतीच. परंतु विद्यार्थ्याने 'संगणक' शिकावा की विशिष्ट उत्पादनाची बटणे शिकावीत, हा त्याचा गाभा होता.

संक्रमणाची प्रक्रिया :

हे संक्रमण एका आदेशाने घडले नाही. प्रारंभी काही काळ दोन्ही प्रणाली शाळांत शेजारी शेजारी नांदल्या. २००८ च्या सुमारास दहावीची संगणक परीक्षा पूर्णतः मुक्त सॉफ्टवेअरवर घेतली जाऊ लागली. या क्रमाला महत्त्व आहे. परीक्षा जुन्या प्रणालीवर आणि अध्यापन नव्या प्रणालीवर असते, तर शिक्षकांनी स्वाभाविकपणे परीक्षेचीच बाजू घेतली असती.

दुसरा निर्णय मनुष्यबळाचा होता. प्रशिक्षणाची जबाबदारी बाहेरच्या ठेकेदारावर न सोपविता सेवेतील शिक्षकांमधून 'मास्टर ट्रेनर' तयार करण्यात आले आणि शाळाशाळांत एका शिक्षकाकडे संगणक समन्वयाचे काम देण्यात आले. गणिताच्या वा भाषेच्या शिक्षकाची अडचण त्याच वर्गात शिकविणाऱ्या सहकाऱ्याला जितकी समजते, तितकी यंत्र बसवून परतणाऱ्या तंत्रज्ञाला समजत नाही. तिसरी बाब म्हणजे लिनक्सची संच-रचना. प्रथम डेबियन व पुढे उबुंटू यांच्या आधारे, अभ्यासक्रमाला लागणारी सॉफ्टवेअरे आधीच समाविष्ट असलेली आवृत्ती राज्यासाठी तयार करण्यात आली.

हा प्रकल्प २०१७ मध्ये 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतरित झाला. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे प्रमाण साहाय्य मिळते. १४.०४ चे साहाय्य एप्रिल २०१९ मध्ये संपले, तेव्हा १८.०४ वर आधारित नवी आवृत्ती जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीच उपलब्ध झाली. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर ती वापरली जाईल व सुमारे ३,००० कोटी रुपयांची बचत होईल, असा 'काइट'चा दावा होता. हा आकडा परवान्यांच्या गृहीत किमतीवर अवलंबून असल्याने तो सावधपणे स्वीकारावा लागतो. १८.०४ चे प्रमाण साहाय्य २०२३ मध्ये संपले आणि त्याच वर्षी २२.०४ वर आधारित आवृत्ती आली. म्हणजेच येथेही बाहेरची कालमर्यादा होतीच. मात्र ती पाच वर्षे आधी ज्ञात होती आणि तिच्याशी जुळवून घेणारी कायमस्वरूपी यंत्रणा राज्याकडे होती.

मर्यादा :

हे प्रतिमान विद्यापीठांना जसेच्या तसे लागू होत नाही. विद्यापीठात प्रत्येक विभागाची खरेदी व गरज वेगळी असते. प्रयोगशाळेतील एखादे महागडे उपकरण जुन्या प्रणालीवरच चालते. यंत्र उत्तम असूनही त्याचा संगणक मात्र कालबाह्य ठरतो. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था अपेक्षित असल्याने अनेक सुस्थितीतील संगणकही अपात्र ठरले. मराठी महाविद्यालयांना आणखी एका अडचणीचा परिचय आहे : युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका वा इतिवृत्त, तो फाँट नव्या संगणकावर नसल्यास, निरर्थक चिन्हांची रांग म्हणून उघडते. अशा वेळी प्रणाली बदलते, पण हानी संस्थेच्या स्मृतीची होते.

निष्कर्ष :

केरळच्या अनुभवातून तीन बाबी स्पष्ट होतात. परीक्षा व अध्यापन एकाच प्रणालीवर आणल्याशिवाय बदल रुजत नाही. प्रशिक्षित शिक्षक हीच सर्वांत टिकाऊ गुंतवणूक ठरते. आणि बदलाचे वेळापत्रक सुट्टीशी जुळले, तर विद्यार्थ्याचे नुकसान टळते. आपल्या महाविद्यालयांत संगणक खरेदीसाठी समिती असते. जुन्या फाइली, प्रात्यक्षिके व सहकाऱ्यांचा सराव यांची चौकशी करणारी समिती क्वचितच असते. साहाय्य संपण्याची तारीख पुन्हा येणारच आहे. तिच्या आधी ही चौकशी करणे, एवढे तरी निश्चितच संस्थेच्या हाती आहे.