इंजिनाला भोक का?

मागच्या पावसाळ्यात मी एका अमेरिकन मोटारीचं किट जोडायला घेतलं. माप एकास पंचवीस, म्हणजे खरी गाडी पाच मीटरची असेल तर ही वीस सेंटिमीटरची. किट मूळचं साठच्या दशकातलं, पण जुनंच चित्र नव्यानं छापलेल्या खोक्यातून पुन्हा बाजारात आलेलं. या छंदातले लोक अशा किटला रीइश्यू म्हणतात. शेजारी बसलेल्या बाबांनी इंजिनाचे दोन अर्धे भाग उचलले, एकमेकांना जुळवून बघितले आणि विचारलं, "अगं, याला आरपार भोक का पाडलंय?"

बाबा चाळीस वर्षं भोसरीतल्या एका टूलरूममध्ये डायमेकर होते. प्लॅस्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करतात. पार्टिंग लाइन शोधतात, इजेक्टर पिनचे गोल ठसे मोजतात. त्यांना इंजिनातलं भोक खटकणारच. भोकाचं उत्तर मला माहीत होतं, पण ते सांगायला 1948 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी मिशिगनमधल्या वेस्ट गॅलोली नावाच्या वकिलानं अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज, म्हणजे एएमटी, ही कंपनी काढली. पहिली मॉडेलं खरोखरच अ‍ॅल्युमिनियमची होती: फोर्डची चार दारांची सेदान, खऱ्या गाडीच्या रंगात रंगवलेली. ती दुकानात विकायला नव्हती. फोर्डच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाला रंग दाखवायला आणि सोबत आलेल्या पोराला गप्प बसवायला ती ठेवलेली असायची. यांना प्रोमो म्हणत. लवकरच प्रोमो प्लॅस्टिकचे झाले. सुरुवातीचं अ‍ॅसिटेट प्लॅस्टिक काही वर्षांत वाकायचं. आज संग्राहकांच्या कपाटात त्या काळच्या ज्या गाड्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच केळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात.

प्रोमो हे शेवटी खेळणं. पोरगं ते फरशीवर घासणार, म्हणून चाकं पक्की हवीत. सोपा उपाय असा की या बाजूपासून त्या बाजूपर्यंत लोखंडी तारेचा एकच दांडा घालायचा आणि दोन्ही टोकांना चाकं ठोकायची. प्रोमोत इंजिनच नव्हतं, त्यामुळे दांड्याच्या वाटेत काही येत नव्हतं. 1958 मध्ये एएमटीनं हीच गाडी सुटी करून किट म्हणून विकायला काढली. एकाच खोक्यात तीन गाड्यांचं सामान: शोरूममधली, सजवलेली आणि शर्यतीची. पुढे किटमध्ये इंजिन आलं. दांडा मात्र होता तिथेच राहिला, म्हणून इंजिनालाच भोक पडलं.

बाबा हसले. "आमच्याकडे पण असंच. जुन्या बेसवर नवं काम बसवायचं."

ते गमतीत म्हणाले, पण या छंदाचा निम्मा इतिहास त्या वाक्यात आहे. डेट्रॉइटच्या कंपन्या दरवर्षी शरद ऋतूत गाड्यांचं रूप बदलत. ग्रिल वेगळं, मागचे दिवे वेगळे, दारावरची पट्टी दोन बोटं खाली. नव्या गाडीची ड्रॉइंग्ज मॉडेलवाल्यांना आधीच गुपचूप मिळत, म्हणजे गाडी शोरूममध्ये आणि किट दुकानात साधारण एकाच सुमारास पोचे. आधी लाकडात मोठ्या मापाचा नमुना घडवायचा, मग पॅन्टोग्राफनं तो लहान करत पोलादात उतरवायचा. बॉडी एकसंध निघावी म्हणून साच्याच्या बाजूही सरकत्या ठेवायच्या. हा खर्च दरवर्षी नव्यानं कोण करणार? मग गेल्या वर्षीचाच साचा घ्यायचा, बदललेली जागा तेवढी नवी करायची. 1965 ची गाडी त्याच पोलादात 1966 ची व्हायची. आणि 1965 ची? ती संपली.

हे का परत फिरवता येत नाही, ते बाबांनी मला लहानपणीच टेललॅम्पच्या साच्यावर दाखवलं होतं. साच्यात जिथे पोलाद नाही, तिथे प्लॅस्टिक जातं. वस्तूवर काही वाढवायचं असेल तर साच्यातलं पोलाद कोरायचं. ते सोपं. वस्तूवरचं काही कमी करायचं असेल तर साच्यात पोलाद भरावं लागतं. त्यासाठी वेल्डिंग करा, नाहीतर तुकडा बसवा, मग घासा, पॉलिश करा, आणि तरी खूण राहतेच. गाडी दोन-तीन वर्षांनी शिळी झाली की मॉडेलवाले तिच्या साच्यातून शर्यतीची गाडी काढत. चाकांवरचे पंखे कापलेले, बॉनेटला खिडकी, आतल्या सीट गायब. दुकानात ती पुन्हा दोन-चार वर्षं खपायची. आज ज्या गाडीसाठी पन्नाशीतले लोक हळहळतात, तिचा साचा असा एखाद्या धुळीच्या ट्रॅकवरच्या रेसरच्या पोटात गाडला गेलेला असतो. आपल्याकडे जुना लेख ठोकून सपाट करून त्यावर नवं दान कोरलेले ताम्रपट सापडतात. तिथे खालची अक्षरं निदान पुसट दिसतात तरी.

त्यातून साचे गावोगाव हिंडले. 1978 मध्ये एएमटी लेस्नीकडे गेली, म्हणजे मॅचबॉक्स गाड्या करणाऱ्या इंग्लिश कंपनीकडे. 1982 मध्ये लेस्नीचंच दिवाळं निघालं. मग साचे गेले आयोवातल्या अर्टलकडे. एएमटी सोडून जॉर्ज टॉटेफ यांनी 1963 मध्ये काढलेली प्रतिस्पर्धी एमपीसी, तीही पुढे अर्टलच्याच पदरात पडली. 2005 मध्ये टॉम लोव यांनी इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये राउंड 2 ही कंपनी सुरू केली आणि काही वर्षांत ही दोन्ही जुनी नावं तिच्याकडे आली. टनावारी वजनाचं पोलाद इतक्या वेळा हलवलं की काही गहाळ होणार, काही गंजणार. बाबांच्या टूलरूममध्ये एका स्कूटरचा टेललॅम्प बंद झाला तेव्हा त्याचा साचा भंगारात किलोच्या भावानं गेला होता. तो त्यांनीच घडवला होता. त्यांनी त्या दिवशी डबा तसाच परत आणला, एवढंच आईला आठवतं.

कधी मात्र उलटंही होतं. क्रायस्लरनं 1963-64 मध्ये जेट विमानासारख्या टर्बाइन इंजिनावर चालणारी मोटार बनवली. एकूण 55 गाड्या, बॉडी इटलीतल्या घियाकडून करून घेतलेली. त्यांतल्या पन्नास गाड्या 203 सामान्य लोकांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या. प्रयोग संपला आणि कंपनीनं 46 गाड्या नष्ट केल्या. उरल्या नऊ. पण डेट्रॉइटच्याच जो-हान कंपनीनं याच गाडीचं फार नेटकं किट केलं होतं, आणि ते पुढेही निघत राहिलं. त्या गाडीला हात लावायचा तर आज बहुतेकांना या प्लॅस्टिकच्याच वाटेनं जावं लागतं.

म्हणून किटला इतिहासाचं साधन म्हणायचा मोह होतो. म्हणावं, पण जपून. साठच्या दशकातली किटं एका रांगेत लावली तर वाटेल की अमेरिकेत सगळे दोन दारांच्या झोकदार गाड्या आणि कन्व्हर्टिबल उडवत होते. पोरांना चार दारांची, बाबा-आई-आजी कोंबून नेणारी सेदान नको होती, म्हणून ती क्वचितच किट झाली. एएमटीची सुरुवातच अशा सेदाननं झाली होती, हे मला फार मजेशीर वाटतं. रस्त्यावर जी सर्वांत जास्त दिसायची, ती गाडी या दप्तरात जवळपास नाहीच.

आता मूळ साचा हरवलेल्या गाड्याही परत येऊ लागल्या आहेत. जुनं, न जोडलेलं किट मिळवायचं, त्याचा एकेक भाग स्कॅन करून मोजायचा आणि त्यावरून नवा साचा कापायचा. इथे छंदवाल्यांत खरी भांडणं होतात. ज्यानं सीलबंद जुनं खोकं हजारो रुपये मोजून घेतलं, त्याला नवं आलं की आपल्या खोक्याचा भाव पडलेला दिसतो. ज्याला जोडायचंच आहे, तो खूश. पण तिसरा प्रश्न मला जास्त छळतो: नक्कल करताना मूळच्या चुकाही ठेवायच्या का? छप्पर खऱ्या गाडीपेक्षा चापट असेल तर ते नीट करायचं का? नीट केलं तर ती खऱ्या मोटारीची प्रतिकृती होते, दहाव्या वर्षी वडिलांनी आणून दिलेल्या किटची नाही. जपानमध्ये शुन्साकु तामिया यांनी पोर्शेचं मॉडेल करताना खरी 911 विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता. मूळ म्हणजे मोटार. पण ज्याचं मूळच किट आहे, त्यानं काय सुटं करावं?

मी हे बोलत होते तेव्हा बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी बॉडी उजेडात तिरपी धरली होती. मोतीबिंदूनंतर त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून अंगठा फिरवत होते. मागच्या पंख्यावर एका जागी थांबले.

"इथे वेल्ड भरलाय. आधी इथे काहीतरी होतं."

मी भिंग आणलं. नखाएवढ्या लांबीची फिकट रेघ होती, रंग दिल्यावर दिसलीही नसती. जुने फोटो शोधले. त्याच्या आदल्या वर्षीच्या गाडीला तिथे क्रोमची अक्षरं होती.

"चांगलं घासलंय," बाबा म्हणाले. "हातानं केलंय. घाईत केलंय, पण हातानं."

इंजिनाचं भोक मी पुट्टीनं बुजवणार होते, सगळे बुजवतात. बाबांनी तार कापून माझ्या हातात ठेवली. गाडी आता खिडकीत आहे. रेघ घासलेली नाही, आणि चारही चाकं फिरतात.