ऐकण्याचे शिक्षण: ध्वनिमुद्रण विद्यापीठात कसे आले



मागच्या वेळी आपण शल्यविद्येचा इतिहास पाहिला. युरोपात अनेक शतके जखमा शिवणे, गळवे फोडणे ही न्हाव्यांची कामे होती आणि विद्यापीठातले वैद्य त्यांना हात लावत नसत. पुढे हीच विद्या विद्यापीठात शिरली आणि मानाची झाली. आज त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. हाताने आणि कानाने शिकायची कला विद्यापीठात येते, तेव्हा नेमके काय घडते?

विषय सुचला तो एका श्रोत्याच्या पत्रामुळे. त्यांचा मुलगा बारावी सायन्सला आहे, तबला वाजवतो, आणि त्याला म्युझिक प्रॉडक्शनची पदवी घ्यायची आहे. वडील विचारतात, "सर, हे सगळं आता लॅपटॉपवर होतं, शिकवणारे व्हिडिओ फुकट मिळतात. मग तीन-चार वर्षं आणि एवढे पैसे कशासाठी? यात विद्यापीठात शिकण्यासारखं आहे तरी काय?"

हा प्रश्न वाचून आम्ही जरा अस्वस्थ झालो. कारण सुमारे तीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या सभेत हाच प्रश्न आम्ही स्वतः विचारला होता. ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम सुरू करावा असा एक प्रस्ताव आला होता. आम्ही उठून म्हणालो, "यंत्राची बटणं फिरवायला पदवी कशाला? ते तर दुकानात शिकता येईल." सभेत हशा पिकला आणि प्रस्ताव बारगळला. त्या दिवशी आम्हाला आमच्या बोलण्याचा अभिमान वाटला होता. आज वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बरंच मागे, सहाव्या शतकात. बोएथियस हा रोमन तत्त्वज्ञ. त्याने संगीतावर एक ग्रंथ लिहिला आणि मध्ययुगीन विद्यापीठांत तो शेकडो वर्षे शिकवला गेला. तो म्हणतो, संगीताशी संबंध असणारी माणसे तीन प्रकारची. वाद्य वाजवणारे, रचना करणारे, आणि या दोघांच्या कामाची पारख करणारे. यांतला खरा संगीतज्ञ कोण? त्याचे उत्तर आहे तिसरा. कारण वाजवणारा हाताच्या सवयीने वाजवतो, रचणारा अंतःप्रेरणेने रचतो, विचार करतो तो पारखीच. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातही प्रयोगाची परीक्षा करणारे 'प्राश्निक' आहेत, म्हणजे ही कल्पना एकट्या युरोपाची नव्हे. पण युरोपात तिचा परिणाम चमत्कारिक झाला. संगीत हा विषय अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र यांच्या पंक्तीला बसला. तारेची लांबी निम्मी केली की सप्तक मिळते, दोन तृतीयांश केली की पंचम, ही गुणोत्तरे विद्यार्थी शिकत. म्हणजे पारखी तयार होत होता, पण त्याच्या कानाला कुणी विचारत नव्हतं!

आता विसाव्या शतकात येऊ. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी गायचे आणि त्या आवाजाच्या बळावरच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरणार. तार स्वर आला की गाणाऱ्याने जरा मागे सरायचे, मंद्रात गेला की पुढे झुकायचे. किती मागे आणि किती पुढे, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते, मुद्रण करणाऱ्याच्या कानात होते. आणि बघा, हाही पारखीच! फक्त बोएथियसच्या अगदी उलटा. याला कान होते, गुणोत्तरांशी कर्तव्य नव्हते.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला, पुढे चुंबकीय फीत आली, आणि या कामाचे कारखाने उभे राहिले. लंडनमध्ये ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ १९३१ मध्ये सुरू झाला. तिथली शिकण्याची रीत म्हणजे उमेदवारी. पोरगा शाळा सोडून यायचा. आधी फिती ने-आण करायच्या, मग फीत चालू-बंद करायची, मग तबकडी कोरायला शिकायचे, आणि काही वर्षांनी, नशीब असेल तर, मुख्य टेबलापाशी बसायला मिळायचे. जेफ एमेरिक १९६२ मध्ये असाच दाखल झाला आणि वयाच्या विसाव्या वर्षी बीटल्सचा ध्वनिमुद्रक झाला. ड्रमच्या किती जवळ मायक्रोफोन न्यायचा याचे स्टुडिओत नियम होते. त्याने तो नियमापेक्षा जवळ नेला आणि त्या ड्रमचा आवाज पुढे अनेकांनी अनुकरण करावा असा झाला. ही उमेदवारी फार समर्थ होती, हे मान्यच करायला हवे. ज्याच्यापाशी बसून शिकायचे, तो माणूस समोर असायचा आणि चूक तिथल्या तिथे कळायची.

मग विद्यापीठाची गरज कुणाला भासली? गंमत म्हणजे एका संगीतकाराला. अर्नोल्ड शोएनबर्ग जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थिरावला होता. १९४६ मध्ये त्याने शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना पत्र लिहिले आणि ध्वनीची जबाबदारी घेणारी माणसे विद्यापीठाने तयार करावीत असे सुचवले. संगीत, ध्वनिशास्त्र, भौतिकी आणि यंत्रविद्या हे सगळे त्यांना यायला हवे. यामागची अडचण खरी होती. रेडिओवर, चित्रपटात, तबकडीवर संगीत लाखो लोकांपर्यंत जाऊ लागले होते. पण ज्याला स्वरलिपी वाचता येते त्याला यंत्र कळत नाही, आणि ज्याला यंत्र कळते त्याला स्वरलिपी वाचता येत नाही. संगीतकाराने महिनोन्महिने जपलेला समतोल एका बटणाने बिघडू शकत होता.

ही कल्पना प्रत्यक्षात उतरली जर्मनीत. एरिख थीनहाउस या ध्वनिशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये डेटमोल्ड या लहानशा गावातल्या संगीत अकादमीत असा अभ्यासक्रम सुरू केला. तो शिकून बाहेर पडणाऱ्याला म्हणायचे 'टोनमाइस्टर'. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. 'टोन' म्हणजे ध्वनी आणि 'माइस्टर' म्हणजे उमेदवारी पुरी करून हातोटी कमावलेला उस्ताद. म्हणजे अभ्यासक्रम नवा, पण पदवी नावाने कारागिरांच्या परंपरेतली! विद्यार्थ्याला वाद्य वाजवता आले पाहिजे आणि गणित-भौतिकीही आले पाहिजे, ही अट. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने १९७० मध्ये हाच अभ्यासक्रम त्याच जर्मन नावाने सुरू केला. तिथे विद्यार्थ्याला एक पूर्ण वर्ष प्रत्यक्ष कामावर पाठवतात. म्हणजे उमेदवारी हद्दपार झाली नाही, ती अभ्यासक्रमाच्या पोटात आली. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाने १९७९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला.

आता पत्रलेखकांचा प्रश्न: यात शिकण्यासारखे आहे काय? एक साधे उदाहरण घेऊ. एक गायिका गाते आहे. तिच्यासमोर एक मायक्रोफोन आहे आणि दुसरा तिच्यापासून ३४ सेंटिमीटर अधिक लांब. दोन्हींचा आवाज एकत्र केला तर तो पोकळ वाटतो, नळकांड्यातून आल्यासारखा. संगीतकार म्हणेल, "काहीतरी बिघडलंय, आवाजातला जीव गेला." तो बरोबर आहे, पण कारण सांगू शकत नाही. तंत्रज्ञ म्हणेल, "दोन्ही मायक्रोफोन चांगले आहेत, यंत्रात दोष नाही." तोही बरोबर आहे. आता हिशेब बघा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला जवळजवळ एक हजारांश सेकंद लागतो. दुसरा आवाज तेवढा उशिरा येतो. या उशिरामुळे सेकंदाला ५०० कंपने असलेल्या ध्वनीची एक लाट वर असते तेव्हा दुसरी खाली असते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तेच १५०० ला, तेच २५०० ला. दोन्हींची पातळी सारखी असेल तर आवाजात कंगव्याच्या दात्यांसारख्या फटी पडतात. शिकलेला माणूस पोकळपणा ऐकतो, त्याला कारण दिसते, आणि तो काय करतो? काही विकत घेत नाही. उठतो आणि मायक्रोफोन सरकवतो.

हे कळायला समीकरण पुरत नाही, कान घडवावा लागतो. त्यासाठी रीतसर तालीम आहे. शिक्षक एखाद्या मुद्रणातला ध्वनीचा एक पट्टा हळूच वाढवतो, विद्यार्थ्याने तो कुठला ते ओळखायचे. रोज थोडे थोडे, महिनोन्महिने. पोलंडमध्ये वॉर्साच्या संगीत अकादमीत १९७० च्या दशकात याची पद्धतशीर मांडणी झाली. आपल्याकडे गळ्याला पलटे असतात ना, तसे हे कानाचे पलटे.

इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. डेटमोल्डचा अभ्यासक्रम निघाला त्याच वर्षी, १९४९ मध्ये, इंग्लिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याचा मनाच्या संकल्पनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. राइल म्हणतो, 'अमुक असे आहे' हे जाणणे वेगळे आणि 'अमुक कसे करायचे' हे जाणणे वेगळे. आणि दुसरे ज्ञान म्हणजे पहिल्याची नुसती अंमलबजावणी नव्हे, कृतीतच बुद्धी असते. हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. आणि सभेत मात्र 'बटणं फिरवणं' म्हणून हसलो! फळ्यावर लिहिलेलं आम्हालाच कळलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कला संस्थेत शिकवता येत नाही, ती गुरूपाशीच शिकावी लागते. हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हापासून गायनाच्या वर्गांवर आणि परीक्षांवर हा आक्षेप आहे. त्यात तथ्यही आहे. परीक्षा पास झालेला प्रत्येक जण गवई होत नाही. पण त्या वर्गांमुळे घराण्याबाहेरच्या, विशेषतः मध्यमवर्गातल्या, मुलामुलींना गाणे खुले झाले, हेही तितकेच खरे. उमेदवारीचा दरवाजा ओळखीने उघडतो, वर्गाचा दरवाजा निदान अर्ज करून ठोठावता येतो.

ध्वनिमुद्रणातही महाराष्ट्रात हे घडले. पुण्यात प्रभात स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी सांभाळली, ती यंत्राशी झटून, स्वतः शिकून. त्याच प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि ध्वनिमुद्रण हा तिथे रीतसर अभ्यासाचा विषय झाला. तिथे शिकलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ऑस्कर मिळाले. जिथे दामले एकटे धडपडत शिकले, तिथेच केरळातून आलेल्या मुलाला शिक्षक मिळाले, सोबती मिळाले.

आणि आता शेवटची गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत यंत्रे स्वस्त होत गेली. १९७९ मध्ये कॅसेटवर चार पट्ट्यांचे मुद्रण करणारे घरगुती यंत्र आले, १९९१ मध्ये प्रो टूल्स आले, मग सगळा स्टुडिओ लॅपटॉपमध्ये मावला. हे फार चांगले झाले, कारण कुणालाही गाणे मुद्रित करता येऊ लागले. पण मोठे स्टुडिओ कमी झाले आणि त्यांच्याबरोबर ती शिडीही गेली. फीत ने-आण करणारा पोरगाच उरला नाही. २०१५ मध्ये ॲबी रोडने स्वतःची शिक्षणसंस्था काढली. म्हणजे जिथे पगार घेऊन शिकता येत होते, तिथल्याच नावाने आता फी भरून शिकायचे! विद्यापीठाने कार्यशाळेला हरवले असे नाही. कार्यशाळा मोडली आणि तिचा वारसा विद्यापीठाच्या दारात आला. तो नीट सांभाळला नाही तर दोष विद्यापीठाचा.

म्हणून पत्रलेखकांना आमचे उत्तर असे. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या पदवीसाठी पैसे घालू नका. ते दोन वर्षांत बदलते आणि मुलगा ते घरी शिकेल. प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. कानाची तालीम रोज आहे का? जिवंत वादक समोर बसवून मुद्रण करायला मिळते का? विद्यार्थ्याचे काम शेजारी बसून ऐकणारा आणि 'इथं चुकलास' म्हणणारा शिक्षक आहे का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर मुलाला पाठवा. तो तबला वाजवतो आणि सायन्सला आहे, म्हणजे थीनहाउसच्या दाराशी तो अर्धा पोचलेलाच आहे. आणि एखादे उत्तर 'नाही' असेल, तर तेच पैसे दोन चांगल्या मायक्रोफोनांवर आणि एखाद्या जाणत्या ध्वनिमुद्रकाच्या पायाशी बसण्यावर खर्च करा.

राहता राहिली आमची ती सभा. प्रस्ताव मांडणारे सहकारी नंतर आम्हाला जिन्यात भेटले होते. ते एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही एकदा स्टुडिओत येऊन बसायला हवं होतं." आम्ही गेलो नाही. आज त्या प्रस्तावावर पुन्हा मत मागितलं, तर आम्ही आधी जाऊन बसू, ऐकू, आणि मग हात वर करू.

पुढच्या वेळी छपाईखान्याकडे वळू. खिळे जुळवणाऱ्याची कला टंकरचनेचे शास्त्र कशी झाली, ते पाहू.