कळ दाबली, पण अक्षर कुठे गेले?

वळसंगच्या शाळेत गणिताचा तास चालू आहे असे समजू. शिपाई सूचनावही घेऊन दारात येतो. बाई उदाहरण जिथवर आले तिथे खडूने खूण करतात, सूचना वाचून सही करतात आणि खुणेपासून पुढे सुरू करतात. खूण राहिली, तर मुले ओरडतात, "बाई, हातचा एक राहिला!" संगणकाला असे सांगणारे कोणी नसते.

१९५०च्या दशकात संगणकाला माहिती मुख्यतः छिद्रांकित कार्डे किंवा कागदी फिती यांवरून दिली जाई. फितवाचक आणि टंकयंत्र मंद, संगणक मात्र वेगवान. त्यामुळे "आले का पुढचे अक्षर?" असे विचारत त्याला ताटकळावे लागे. उपाय सोपा वाटतो. संगणकाने आपले काम करावे आणि अक्षर तयार झाले की उपकरणानेच हाक मारावी. या हाकेला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, म्हणतात.

नेदरलँड्समध्ये एक्स-१ हा संगणक घडवणाऱ्या लूपस्ट्रा व स्कोल्टन यांनी ही सोय सुचवली, तेव्हा त्याच्या आज्ञावल्या लिहिणारे तरुण एड्सखर डाइक्स्ट्रा चक्क घाबरले. तोवर तीच आज्ञावली तीच माहिती घेऊन पुन्हा चालवली, की तीच चूक पुन्हा दिसे आणि सापडे. आता हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम उरणार नव्हता. शक्य तितके दिवस त्यांनी होकार लांबवला. अखेर काम अंगावर घेतले आणि १९५९ मध्ये त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली.

त्यांची भीती रास्त होती. एक साधे उदाहरण घेऊ. दाबलेल्या कळा एका रांगेत साठतात आणि रांगेत ५ कळा आहेत. मुख्य आज्ञावली एक कळ उचलते. त्यासाठी ती ५ हा आकडा वाचते, त्यातून १ वजा करते आणि ४ लिहिते. वजाबाकी झाली, पण ४ लिहायचे राहिले, इतक्यात नवी कळ दाबली गेली. व्यत्यय आला आणि आकडा ६ झाला. परत आलेली आज्ञावली मात्र आपले जुने ४ लिहून मोकळी होते. उत्तर ५ हवे होते. एक कळ हरवली!

हा धोक्याचा काळ सेकंदाच्या लक्षांशाइतकाही असू शकतो. म्हणून दिवसभर तपासणी करूनही चूक दिसत नाही आणि एखाद्या दिवशी ऐन कामात उपटते. "आता नीट चालतेय" हा इथे पुरावा नव्हेच. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये व्यत्यय आला तर काय होईल, हे कागदावर तपासावे लागते.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला, आकडा बदलेपर्यंत व्यत्यय क्षणभर रोखून धरणे. दुसरा, दोघांनी एकाच आकड्याला हात न लावणे. १९८१च्या आयबीएम पीसीत रांगेचे टोक आणि शेपूट यांच्या नोंदी वेगळ्या होत्या. नवी कळ आली की व्यत्ययाची आज्ञावली फक्त शेपूट हलवी, तर कळ उचलताना फक्त टोक हले. रांगेत १५ कळा मावत.

त्याच पीसीत आणखी एक चूक सहज होई. कळफलकाचे काम संपल्यावर व्यत्यय-नियंत्रक चिपला "झाले" असे कळवावे लागे. ते विसरले, की कळफलक मुका होई, पण घड्याळ चालूच राही, कारण घड्याळाच्या हाकेचा मान कळफलकाच्या वरचा होता. हे लक्षण ज्याला वाचता आले, त्याला दोष कुठे आहे तेही कळे.

वर्गात करून पाहा. फळ्यावर ५ लिहा. एका विद्यार्थ्याने वाचणे, वजा करणे आणि लिहिणे या तीन पायऱ्या थांबत थांबत कराव्यात. दुसऱ्याने कधीही येऊन फळ्यावरील आकड्यात १ मिळवावा. येण्याच्या जागा चार आहेत: सुरुवातीला, मधल्या दोन आणि शेवटी. त्यांपैकी कोणत्या दोन जागी उत्तर चुकते, हे मुलांनाच शोधू द्या. डाइक्स्ट्रा का घाबरले, हे मग सांगावे लागणार नाही.