तडा गेलेली सिलिकॉनची कांडी

बारावीत मी एक गोष्ट घोकली होती: सिलिकॉनमध्ये फॉस्फरस टाकला की एन-टाइप, बोरॉन टाकला की पी-टाइप. मार्क मिळाले, विषय संपला. पण हे कुणाला, कसं कळलं? ते मी खूप उशिरा वाचलं, आणि हसूच आलं.

रसेल ओल अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये, न्यू जर्सीतल्या होल्मडेलला रेडिओवर काम करायचा. फार आखूड लहरी पकडायला व्हॅक्युम ट्यूब कमी पडत, म्हणून तो जुन्या क्रिस्टल डिटेक्टरकडे, म्हणजे सिलिकॉनकडे वळला. पण सिलिकॉन भलतंच लहरी. एक तुकडा वीज या दिशेने जाऊ द्यायचा, दुसरा बरोबर उलट! मग जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर या धातुतज्ज्ञांनी त्याला जास्त शुद्ध सिलिकॉन वितळवून दिलं. त्यातल्या एका कांडीला मधोमध तडा होता. 23 फेब्रुवारी 1940 ला ओल ती तपासत होता, तर दिव्याचा उजेड पडला की प्रवाह बदलायचा. सुमारे अर्धा व्होल्ट तयार होत होता. त्या काळाच्या मानाने हे फारच झालं. वॉल्टर ब्रॅटेनला हे मार्चमध्ये दाखवलं, तर त्याला वाटलं आपली चेष्टा चाललीय.

झालं असं होतं, की वितळलेलं सिलिकॉन थंड होताना त्यातली भेसळ वेगवेगळी साठली. एका भागात एक, दुसऱ्यात दुसरी. भेसळ कसली, ते उपकरणांना सापडेना. सापडलं नाकाला! एन-टाइप तुकडा कापताना कार्बाइडच्या बत्तीसारखा वास यायचा. तो फॉस्फीनचा, म्हणजे आत फॉस्फरस.

सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, चारही शेजाऱ्यांशी बांधलेले. फॉस्फरसला पाच. पाचवा मोकळा फिरतो, वीज वाहतो. बोरॉनला तीनच, त्यामुळे एक जागा रिकामी, आणि ती जागाच पुढेपुढे सरकते. एक कोटी अणूंत फॉस्फरसचा एक घातला तरी वाहकता शुद्ध सिलिकॉनच्या लाखाहून जास्त पट होते. म्हणून तर आधी इतकं शुद्ध करायचं. नाहीतर आपण मोजून घातलेला एक त्या आगंतुक कचऱ्यात कुठे ओळखायचा?

ओलने 1941 मध्ये पेटंटचा अर्ज केला. ब्रॅटेन आणि बार्डीन यांचा 1947 चा ट्रान्झिस्टर मात्र जर्मेनियमचा होता. ती गोष्ट पुढच्या भागात.