अंबिकातनयदत्त : मराठी घरातील कन्नड कवी

आधुनिक कन्नड काव्यात ‘अंबिकातनयदत्त’ हे नाव अग्रगण्य मानले जाते. या नावाने लिहिणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे, मराठी बोलणाऱ्या कुटुंबात झाला. अंबिका हे त्यांच्या मातेचे नाव. मातेचे नाव मिरवणाऱ्या या कवीने काव्य मात्र घरच्या भाषेत न रचता गावच्या भाषेत रचले. त्यांच्या चरित्राचे मर्म या निवडीत आहे.

ही निवड मराठीच्या अपरिचयातून झालेली नव्हती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी १९१८ साली पदवी घेतली. पुढे मराठीतही लेखन केले व त्यांच्या ‘संवाद’ या मराठी ग्रंथास केळकर पुरस्कार लाभला. परंतु काव्याची लय त्यांना सापडली ती धारवाडच्या बोलीत आणि तेथील लोकगीतांत. ‘गरी’ (१९३२) या संग्रहापासून या बोलीला त्यांनी काव्यभाषेची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच संग्रहातील ‘नरबली’ या कवितेमुळे ब्रिटिश सरकारने त्यांना कारावास घडविला.

१९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात त्यांनी कन्नडचे अध्यापन केले. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा नांदणारे ते नगर त्यांना परके नव्हते. तोवर धारवाड व सोलापूर ही दोन्ही मुंबई राज्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने धारवाड म्हैसूर राज्यात गेले, सोलापूर मुंबई राज्यात राहिले. सोलापूर सोडून बेंद्रे धारवाडला परतले ते याच वर्षी.

‘अरळु मरळु’ या संग्रहास १९५८ साली साहित्य अकादमीचा आणि ‘नाकु तंती’ म्हणजे ‘चार तारा’ या संग्रहास १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सीमाभागाच्या वादात मातृभाषेच्या गणनेला प्रमाण मानण्याचा प्रघात आहे. त्या गणनेच्या तक्त्यात बेंद्रे यांच्यासारखा कवी मराठीच्या रकान्यात पडेल, आणि त्याचे जीवितकार्य दुसऱ्या रकान्यात. गणना त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. तथापि भाषा केवळ जन्माने मिळते, हे तिचे गृहीत अपुरे आहे एवढे निश्चित होते. बेंद्रे यांच्यावर मराठीने हक्क सांगण्याचे कारण नाही. त्यांना मूळ कन्नडमधून वाचणारे अभ्यासक मराठीत निर्माण होणे, हेच त्यांचे उचित स्मारक होय.