पेंगहुलूचे घर : स्थावर की जंगम?

काही वर्षांपूर्वी शासकीय बैठकीच्या निमित्ताने क्वालालंपूरला जाण्याचा योग आला होता. कामकाज दुपारीच आटोपले आणि रात्रीच्या विमानापर्यंत चार-पाच तास मोकळे मिळाले. तिथले एक वयस्कर अधिकारी म्हणाले, ‘उंच मनोरे सगळेच पाहतात. तुम्ही प्रशासनातले आहात, तेव्हा पेंगहुलूचे घर पाहा.’ त्यांचा सल्ला मी मानला, आणि त्या लाकडी घराने मला आजवर पुरेल इतका विचार दिला.

पेंगहुलू म्हणजे ‘मुकीम’ या महसुली घटकाचा प्रमुख. आपल्याकडील पाटलाशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. सारावसुली, शांतता राखणे, जमिनीचे आणि कुटुंबातले तंटे मिटवणे ही त्याची कामे. अबू सेमान हे केदाह राज्याच्या दक्षिण टोकाला, बंदर बहारू भागात असेच एक पेंगहुलू होते. त्यांचे घर १९१० च्या सुमारास उभे राहू लागले आणि १९३० च्या दशकापर्यंत एकेक भाग जोडत पूर्ण झाले.

हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९०९ च्या करारान्वये सयामने केदाहवरील आपले अधिकार ब्रिटनला दिले. सुलतान गादीवरच राहिला, परंतु कारभारात ब्रिटिश सल्लागाराचा शब्द वजनदार झाला. गावचा मान्यवर असलेला पेंगहुलू हळूहळू वेतन घेणारा आणि नोंदी ठेवणारा कर्मचारी होऊ लागला. हे घर या संक्रमणकाळातले आहे.

घराची रचना पाहताना हे ध्यानात येते. दर्शनी बाजूस ‘बालाई’, म्हणजे लोकांना भेटण्याची बैठक. आत ‘इबू रुमाह’, शब्दशः घराची आई, म्हणजे मुख्य माजघर. मागे ‘दापूर’, स्वयंपाकघर. तंटे घेऊन येणारा माणूस पुढल्या पायऱ्यांनी चढे आणि सहसा बैठकीतूनच परत जाई. कचेरी आणि संसार एकाच छपराखाली, परंतु त्यांच्यामधली सीमा स्पष्ट. मलय भाषेत खटल्याला वा चर्चेला ‘बिचारा’ म्हणत. तो आपला ‘विचार’. साक्षीदाराला ‘साक्सी’, दंडाला ‘देंदा’ आणि मालमत्तेला ‘हार्ता’ म्हणतात, जो आपला ‘अर्थ’. परक्या देशातल्या त्या बैठकीत उभे असताना हे शब्द ऐकून गावची चावडी आठवल्यावाचून राहिली नाही.

परंतु खरी गोष्ट या घराच्या प्रवासाची आहे. ओस पडून ते मोडकळीस आले होते. ‘बादान वारिसान मलेशिया’ या वारसा जपणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यास ते उतरवले, सुमारे तीनशे किलोमीटर दूर राजधानीत आणले आणि जालान स्टोनर या रस्त्यावरील आपल्या आवारात पुन्हा उभे केले. ‘वारिसान’ म्हणजे वारसा. तो शब्दही आपल्या ‘वारस’चाच सोयरा.

घर असे उचलून आणता आले, कारण ते मुळात तसेच बांधलेले असते. मलय घराचे खांब जमिनीत पुरलेले नसतात. ते दगडी बैठकींवर टेकलेले असतात. सांगाड्याचे सांधे खाच आणि कुसू यांचे, पाचर ठोकून घट्ट केलेले. पाचरी काढल्या की घर सुटे होते. कुटुंबाची ऐपत वाढेल तसा नवा भाग जोडायचा, ही रीतही याच सुतारकामामुळे शक्य होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात कर्जाविना हप्त्याहप्त्याने केलेली भांडवल गुंतवणूक दिसते.

कायद्यालाही या सुतारकामाची दखल घ्यावी लागली. इंग्रजी कायद्याप्रमाणे जमिनीवर पक्के उभारलेले घर जमिनीचाच भाग होते. मलय रिवाजाप्रमाणे लाकडी घर ही वेगळी, हलवता येणारी चीजवस्तू. १९५३ साली त्या प्रदेशातील एका वसाहतकालीन न्यायालयाने हा रिवाज मान्य केला : अशा घराची मालकी जमिनीपासून वेगळी असू शकते. ‘हार्ता आलिह’ म्हणजे जंगम आणि ‘हार्ता ताक आलिह’ म्हणजे स्थावर मालमत्ता. पेंगहुलूचे घर पहिल्या रकान्यात बसत होते, म्हणूनच ते वाचले.

दुसऱ्या रकान्यातल्या वारशाचे काय होते, याचे उदाहरण त्याच केदाह राज्यात आहे. बुजांग खोऱ्यात हिंदू-बौद्ध काळातील मंदिरांचे अवशेष आहेत. त्यांपैकी अकरावा क्रमांक असलेले, हजाराहून अधिक वर्षे जुने मानले जाणारे मंदिर २०१३ मध्ये जमिनीच्या विकासाच्या कामात यंत्रांनी भुईसपाट झाले. जमीन खासगी होती आणि राष्ट्रीय वारसा कायदा २००५ साली संमत होऊनही त्या जागेची वारसा म्हणून अधिसूचना निघालेली नव्हती. विटांच्या त्या चौथऱ्याला उठून दुसरीकडे जाता येत नव्हते. त्याला एका राजपत्रित कागदाची गरज होती आणि तो कागद निघाला नाही. आम्हा कागदवाल्यांनी हे विसरू नये.

तरीही त्या बैठकीत बसलो असताना एक उणीव जाणवत होती. समोर भातशेती नव्हती, मुकीम नव्हता, तंटा घेऊन येणारे कोणी नव्हते. लाकूड आले, अधिकार मागे राहिला. मलेशियात पेंगहुलूचे पद आजही आहे, मात्र तो सरकारी सेवक आहे. आपल्याकडे १९६२ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील महसूल पाटलाचे पदच रद्द केले. वंशपरंपरेने चालणारी सत्ता गेली, हे योग्यच झाले. पण ज्या ओसरीवर माणूस आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत आणि फीविना मांडू शकत होता, तिची जागा आपल्या कचेऱ्यांनी कितपत भरून काढली, हा प्रश्न उरतोच. अर्थात त्या ओसरीवर सर्वांना सारखे बसता येत नव्हते, हेही तितकेच खरे.

बदलीच्या नोकरीत तीस वर्षे संसार खोक्यांत भरून नेणाऱ्या माझ्यासारख्याला आणि घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना हे घर जवळचे वाटावे. सांधे नीट असतील तर माणूसही कुठे नेऊन उभा करता येतो. फक्त त्याच्या दारासमोरचे अंगण सोबत नेता येत नाही. निघताना पायऱ्यांपाशी बूट घालताना मी सहज मागे वळून पाहिले. बैठक रिकामी होती आणि दार उघडे होते.